बदामडीचं पान आणि माझा चोख रिपोर्ट

हंसाबेन आणि वाघमारे जो अर्क रोज पीत होते, तो मी एकदाही प्यालो नाही. माझ्या पेल्यात बिनसाखरेचा कोरा चहा असायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही. जिच्यामुळे मी हे केलं अशी बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली, त्या माझ्या आईलाही नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला ‘लॅबमधल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या. गमती आहेत, त्याही येतील. पण ही एक गोष्ट आत ठेवून बाकीच्या सांगायला बसलो की पेन पुढे सरकत नाही. दोनदा बसून पाहिलं.

मी नंदुरबारकडचा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन सुरतेला आलो तो एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये. काम शेड मॅचिंगचं. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकायचा, ‘असाच रंग पाहिजे’ म्हणायचा, आणि आम्ही थेंबाथेंबाने रंग मिसळत त्या तुकड्याच्या जवळ जायचं. या कामाने पोटापेक्षा डोळा जास्त भरतो. नव्याण्णव जणांना जो रंग एकच दिसतो, त्यात मला दोन दिसायला लागले.

मग प्लेगचं साल आलं. शहर ओस पडलं, परत भरलं, आणि भरलं ते धुऊनपुसून. जो सुरतकर आधी रस्त्याकडेच्या गाडीवर डोळे मिटून खायचा, तो आता बाटलीवरचं लेबल उलटसुलट करून वाचायला लागला. आमच्या शेठना वाऱ्याची दिशा आधी कळायची. त्यांनी उधन्याच्या पुढे असलेली एक शेड रंगाईतून मोकळी केली, टाक्या घासून घेतल्या आणि वनस्पतींचे अर्क काढायला सुरुवात केली. त्या लॅबच्या प्रमुख म्हणून त्यांनी हंसाबेनना आणलं, आणि रंगाच्या लॅबमधून मला उचलून त्यांच्या हाताखाली दिलं.

हंसाबेन अस्सल सुरती. पन्नाशीच्या, एकट्या, पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा दोरीने गळ्यात. अस्सल सुरती माणूस ‘स’ला ‘ह’ म्हणतो, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून ‘होनवणे’ झालो. त्यांचा पहिला धडा मला आठवतो. मी एका अर्काची बाटली उजेडात धरून रंग बघत होतो. त्या म्हणाल्या, “अल्या होनवणे, आंखथी नहीं, पहेलां नाकथी जो.” आधी नाकाने बघ. मी वास घेतला. “आता जिभेने.” मी चाचरलो. त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली, अर्काचा थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, “तुरट. मागून जरा गोड. हवे लख.” आता लिही.

लॅबमध्ये त्यांचा एक नियम होता. जेनी सही, तेनो पहेलो घूंटडो. ज्याची सही, त्याचा पहिला घोट. कुठल्याही अर्काच्या कागदावर ‘पिण्यास योग्य’ असं लिहायचं असेल, तर लिहिणाऱ्याने आधी तो स्वतः ठरावीक काळ प्यायचा आणि आपलं रक्त तपासून घ्यायचं. हा नियम सरकारचा नव्हता, शेठचा तर नव्हताच. बाहेरचे लोक हसायचे. एका औषधवाल्याने तोंडावर विचारलं होतं, “बेन, तुम्ही उंदीर कशाला पाळता मग?” बेन म्हणाल्या, “उंदराला सही करता येत नाही.”

आता झाडाबद्दल. ज्याला आपण देशी बदाम म्हणतो, त्याला सुरतेत बदामडी म्हणतात. शाळेच्या पटांगणात, बंगल्याच्या कोपऱ्यात, जुन्या पोलीस लाइनीत, कुठेही बघा. फांद्या एकावर एक छत्र्या उघडाव्यात तशा मजल्यामजल्याने फुटतात. पान तळहाताएवढं, जाड, चामड्यासारखं. गळायच्या आधी ते लालभडक होतं. झाडूवाल्या बायका या झाडाला शिव्या देतात, पोरं त्याची फळं दगडाने फोडून आतली एवढीशी बी खातात. आमच्या बेन मात्र त्या झाडाखाली उभ्या राहिल्या की वर बघत राहायच्या, देवळात आल्यासारख्या.

कारण सांगतो. वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं. हवेतला प्राणवायू त्याला खातो. लोखंडाला गंज चढवतो तोही तोच, आणि आपल्या शरीरातही त्याचं हे खाणं चालूच असतं. वांग्याला लिंबू लावलं तर ते लवकर काळं पडत नाही, कारण लिंबातलं द्रव्य मधे उभं राहून मार स्वतःवर घेतं. अशा मधे उभं राहणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आता हा शब्द बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. तेव्हा तो आमच्यासारख्यांच्याच तोंडी होता.

ते मोजायची एक सुंदर रीत आहे. एक गडद जांभळी पूड येते, महाग असते. ती अल्कोहोलात विरघळवली की जांभळाच्या सरबतासारखं द्रावण होतं. त्यात पानाचा अर्क टाकायचा. पानात दम असेल तर जांभळा रंग बघताबघता उतरतो आणि फिकट पिवळा होतो. शेवग्याचं पान घातलं, पेरूचं घातलं, आंब्याचं घातलं. उतरला, आपापल्या बेताने. बदामडीचं घातलं आणि नळी हलवून ठेवेपर्यंत रंग गेलेला. मी रंग चढवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. रंग असा पळताना पाहून मी “आयला!” म्हणालो. बेन लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

त्या पानात काय आहे हे आम्ही बरेच महिने उलगडत बसलो. पिवळी रंगद्रव्यं, दोन-तीन आम्लं, आणि मुख्य म्हणजे तुरटपणा आणणारी टॅनिनं. त्यांतलं सगळ्यात जोरकस जे होतं, ते डाळिंबाच्या सालीत सापडतं तेच. नाव प्युनिकॅलॅजिन. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून बेननी ते नाव हुडकून आणलं. येताना आणखी एक माहिती आणली, ती त्यांना खुपत राहिली. दूरदेशी याच कुळातल्या एका झाडाची पानं खाऊन गुरं आजारी पडतात, आणि त्यांचं काळीज, म्हणजे यकृत बिघडतं. म्हणजे जे थोडं घेतलं तर राखण करतं, तेच जास्त झालं तर घर लुटतं. “चोकीदार जेवुं,” बेन म्हणाल्या. “एक राखला तर बरं. वीस राखले तर तेच धाड घालतात.”

गमती म्हणाल तर या पानाने पुष्कळ दाखवल्या. चौकातला एक मासेवाला, म्हणजे शोभेचे मासे विकणारा, आमची चोथा झालेली पानं मागायला यायचा. म्हणायचा, या पानाच्या पाण्यात त्याचे लढाऊ मासे खुशीत राहतात, रंग उजळतो. बेननी त्याला खुर्ची देऊन बसवलं आणि मासा कसा ‘खुश’ दिसतो ते अर्धा तास विचारलं. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये एक काचेची बरणी आणि एक लाल मासा आला.

दुसऱ्यांदा, कडोदऱ्याकडून वाळलेल्या पानांची पोती आली. पान तपासायचं म्हणजे अर्काचा ठिपका एका पांढऱ्या पट्टीवर ठेवून पट्टी द्रावणात उभी करतात. द्रावण वर चढतं तशी पानातली द्रव्यं वेगवेगळी होऊन पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. त्या दिवशी एक गुलाबी पट्टा दिसला. झगझगीत. पानात तो असणं शक्यच नव्हतं. मी बघितल्याबरोबर ओळखला, कारण ती शेड मी मिलमध्ये ढिगाने केली होती. लग्नाच्या साडीची. पोती आधी रंगाच्या पुडीची होती! पानवाला हात जोडून म्हणाला, “साहेब, पोतुं तो धोयुं हतुं.” बेन म्हणाल्या, “होनवणे, आज तुझी मिल कामाला आली.” आणि शेठसमोर त्यांनी माझी ओळख ‘मारो जमणो हाथ’, माझा उजवा हात, अशी करून दिली. त्या शब्दांनी मी महिनाभर तरंगत होतो. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या तरंगण्यात आहे.

सौम्य अर्क ठीक होता. बेन तो स्वतः दीड वर्ष पीत होत्या, उंदरांनीही पास केला होता. पण शेठना गोळी हवी होती, आणि गोळीत अर्क बसवायचा तर तो आटवून कितीतरी पट कडक करावा लागतो. शेठचा हिशेब सरळ होता: पान दुप्पट, फायदा दुप्पट. खोके छापून आले होते, हिरव्या पानाचं चित्र असलेले. कडक अर्काचा एकेक डोस उंदरांना देऊन झाला होता, उंदीर मजेत होते. पण एक डोस वेगळा आणि रोजचं पिणं वेगळं. बेननी गुरांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, “आधी आम्ही पिऊ.”

सगळ्यांना बोलावलं. बेननी स्पष्ट सांगितलं, “धोका आहे. ज्याला नको असेल त्याने आज नाही म्हणावं. मी कारण विचारणार नाही आणि मनातही ठेवणार नाही.” मग शेठकडे वळून, “शेठ, तमे?”

“मने तो डायाबिटीस छे, बेन.”

“तो पछी घारी केम खाओ छो?”

मग घारी, ती सुरतेची तुपातली मिठाई, कशी चालते? सगळे हसले. शेठही हसले. वाघमारेने हात वर केला. हा आमचा अर्काच्या टाकीवरचा माणूस, नांदेडकडचा, बोलका. म्हणाला, “मी करतो तो काढा मीच नाय पिलो तर लोक काय म्हनतील? आचाऱ्यानं सोताच्या हातचं खाल्लं पायजे.” आणि बेननी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची वाट उघडी होती, दिवसाउजेडी, रुंद. मी उजवा हात होतो. मी तो वर केला.

घरी लिंबायतच्या खोलीत मी जेवताना हे सांगितलं. आईने भाकरी थापायची थांबवली. आमच्या घरात अहिराणी. ती म्हणाली, “तुना बाप कावीळमा गया. इसरना का तू?”

विसरलो नव्हतो. बाबांना कावीळ झाली तेव्हा गावातल्या एकाने कसल्याशा झाडपाल्याचा रस पाजला होता. बाबा गेले. काविळीने गेले की त्या रसाने, हे आजवर कुणाला माहीत नाही. आईने मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता.

“पिवू नको रे भाऊ,” ती म्हणाली. “मना गळानी आन शे तुले.”

मी “बरं” म्हणालो. दुसऱ्या दिवशी बेनकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं, की माझ्या घरात असं झालंय, मी पिणार नाही. त्यांनी मान हलवून दुसरं काम दिलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण डोस मोजून पेल्यांत घालायचं काम माझ्याकडेच होतं. आणि मी शेड मॅचिंगचा माणूस. कडक अर्काचा तपकिरी रंग, त्यावरची लालसर झाक, कोऱ्या चहात जरा जास्त उकळीने तंतोतंत आली. मी मिलमध्ये इतकं अचूक काम क्वचितच केलं असेल.

रोज सकाळी चहाच्या सुट्टीआधी आम्ही तिघं उभे राहायचो. बेन एका दमात प्यायच्या आणि जीभ टाळूला लावून चव नोंदवायच्या. वाघमारे तोंड वेडंवाकडं करायचा. “आरारा! जिबीचं पार चामडं झालं की! बेन, हे पिऊन चप्पल शिवता येईल बगा माझ्या तोंडाची.” मग माझ्याकडे बघून, “आन सोनवणेसाहेब बगा. चहा पिल्यावानी पित्यात!”

बेन हसायच्या. मीही हसायचो.

महिना उलटल्यावर तिघांचं रक्त गेलं. यकृत दुखावलं की त्याच्या पेशींतला एक रस रक्तात झिरपतो, तो मोजतात. बेनचा आकडा चढलेला आला. वाघमारेचा त्याहून जास्त. त्याला आठवडाभर भूक नव्हती, हे त्याने तोवर सांगितलंच नव्हतं. माझा रिपोर्ट अगदी चोख.

मला वाटलं होतं, दोन वाईट आले म्हणजे काम तिथेच थांबेल आणि माझा कुणी बघणारही नाही. माझ्या खोटेपणाबद्दल मी इतकाच विचार केला होता. शेठनी तिन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. शेठ काही लबाड माणूस नव्हते. त्यांनी जो प्रश्न विचारला तो कुठल्याही शहाण्या माणसाने विचारला असता.

“बेन, पानाचा दोष असता तर तिघांना झाला असता. वाघमारे ज्या चाळीत राहतो तिथलं पाणी कसं आहे ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही मागच्या आठवड्यात दोन लग्नं जेवलात. सोनवणे घरची भाकरी खातो, आणि तो चोख आहे. तो कहो, पान गुनेगार के पाणी?”

बेननी माझा कागद उचलून पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यांनी आम्हाला एकच शिकवलं होतं: नको असलेला आकडाही मोजायचा. आता माझा आकडा त्यांच्यासमोर होता, आणि त्या तो बाजूला सारू शकत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. आवाजात संशय नव्हता. थर्मामीटर एकदा तपासून घ्यावा तसं विचारलं.

“होनवणे, रोज पीधुं ने?”

“हो, बेन.”

एवढंच. आयुष्यात खोटं पुष्कळ बोललो असेन. हे दोन शब्द मात्र मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतात.

बेन म्हणाल्या, “ठीक. मग पुन्हा बघावं लागेल.”

औषधाचा गुन्हा सिद्ध करायची एक जुनी रीत आहे. औषध बंद करायचं, आकडा उतरू द्यायचा, मग तेच औषध त्याच माणसाला परत द्यायचं. आकडा पुन्हा चढला तर गुन्हेगार तोच, पाणी नाही, लग्न नाही. ही रीत सहसा कुणी मुद्दाम वापरत नाही, कारण दुसरा मार पहिल्यापेक्षा जोराचा बसू शकतो. वाघमारे तयार होता. बेननी त्याला झापलं, “तारे बे छोकरां छे. चूप बेस.”

“आन तुमाला कोन हाय मग?” वाघमारे चिडून म्हणाला.

“मला लिव्हर आहे,” बेन म्हणाल्या.

मी पुढे झालो. बेन, मी पुन्हा पितो, म्हणालो. या वेळी खरंच प्यायचं मनात होतं, निदान मला तसं आठवतं. त्यांनी हाताने थांबवलं. “तुझं शरीर वेगळं दिसतंय. तुझा अभ्यास नंतर करू. आत्ता मला ज्याला हे बाधतं तो माणूस हवाय, आणि ती मी आहे.”

काही आठवड्यांनी त्यांचा आकडा उतरला. त्यांनी परत पेला हातात घेतला. आणि भरणारा मीच.

त्या सकाळी मी काय भोगलं हे लिहिणं कठीण आहे, पण त्यासाठीच तर लिहायला बसलो. माझ्यासमोर शेगडीवर चहाचं पाणी होतं आणि शेजारी अर्काची बरणी. बेनच्या पेल्यात चहा भरला असता तर त्यांना काही झालं नसतं. पण मग त्यांचाही रिपोर्ट चोख आला असता, शेठचे खोके भरले असते, आणि जी गोळी मी माझ्या आईला देणार नाही ती शेकडो घरांतल्या आयांनी खाल्ली असती. अर्क भरला तर बेन. आणि तिसरी वाट होतीच की. बाजूच्या खोलीत जाऊन दहा शब्द बोलायचे. तिचा विचार मी केलाच नाही असं नाही. दारापर्यंत जाऊन आलो. बेन आत त्या लाल माशाला खायला घालत होत्या आणि त्याच्याशी गुजरातीत बोलत होत्या. मी परत फिरलो.

मी अर्क भरला. अचूक मापाने. रोज.

त्या पीत राहिल्या. कधी थट्टा केली, “होनवणे, तारा जेवुं लिवर बजारमां मळे छे?” तुझ्यासारखं लिव्हर बाजारात मिळतं का? एकदा मी विचारलं, बेन, पुरे करूया का? त्यांनी माझ्याकडे बघून प्रेमाने म्हटलं, “घाबरू नको. तुझा रिपोर्ट चांगला आहे म्हणजे कदाचित माझाही येईल. आला तर मला आनंदच आहे. पान तर माझं लाडकं आहे ना?” त्यांना ते पान दोषी ठरवायचं नव्हतं. निर्दोष ठरवायचंही नव्हतं. फक्त खरं काय ते हवं होतं. असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसा नाही.

ठरलेल्या तपासणीच्या आधीच एका दुपारी त्या खिडकीत उभ्या राहून पट्टी बघत होत्या. उजेड तोंडावर पडला आणि माझ्या नजरेने जे कुणाला दिसलं नसतं ते पकडलं. डोळ्यांचा पांढरा रंग पांढरा नव्हता. कच्च्या सुताची जी पहिली पिवळट झाक असते, ती होती.

“बेन, आज रक्त द्या. आत्ता.”

“केम अल्या?”

“तुमचे डोळे.”

त्यांनी लॅबच्या आरशात पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, “तारी आंख हाची.” तुझी नजर खरी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं! हरवलेली वस्तू सापडावी तसं. “पान आहे, होनवणे. पाणी नाही, पानच आहे.”

त्या दीड महिना अंथरुणावर होत्या. चांदी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळं सुरत गच्च्यांवर बसून घारी आणि भुसू, म्हणजे फरसाण, खात होतं, आणि अस्सल सुरती हंसाबेन मुगाचं पाणी पीत होत्या. तेल-तूप पुढे वर्षभर बंद. मी रोज संध्याकाळी जायचो. वाघमारेची बायको पातळ खिचडी करून पाठवायची. वाघमारे स्वतः तोवर सुधारला होता, पण पायरीवर बसून राहायचा, आत यायचा नाही. “बाईमानूस झोपल्यालं,” म्हणायचा. शेठ आले, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, आणि हात जोडून म्हणाले, “बेन, हुं हारी गयो.” त्यांनी छापलेले सगळे खोके रद्दीत घातले. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण ते खोके जाताना मी पाहिलेत, म्हणून लिहितो. कडक अर्काची टाकी परत कधी तापली नाही.

मी चांगल्या नोकरीतून निवृत्तीच्या जवळ आलोय. आता पाणी तपासतो. कितीतरी नमुने नापास केले, हजीऱ्याकडच्या कारखान्यांतल्या मोठ्या साहेबांचे फोन आले तरी आकडा बदलला नाही. लोक म्हणतात, सोनवणे कडक माणूस आहे. कडकपणा कुठून शिकलो हे सांगताना मी हंसाबेनचं नाव घेतो. ते खरंच आहे, पण अर्धंच.

बेन पुढे नवसारीला एका कॉलेजात शिकवायला गेल्या. आता भाचीकडे असतात, ऐंशीच्या घरात आहेत, कान शाबूत आहेत. मी दर पाडव्याला फोन करतो. पलीकडून अजूनही “कोण, होनवणे?” म्हणतात. आणि दर वेळी तो विषय निघतोच. विद्यार्थ्यांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, की काही शरीरांत या पानाच्या विषाला तोंड द्यायची जन्मजात ताकद असते, आमच्या लॅबमध्ये असा एक खानदेशी मुलगा होता. कधी ज्वारी-बाजरीच्या खाण्यावर संशय घेतला, कधी रक्ताच्या वळणावर. मागच्या पाडव्याला म्हणाल्या, “तारा लिवरनो भेद हजी मने मळ्यो नथी. मरतां पहेलां समजाय तो हारुं.” मरायच्या आधी कळलं तर बरं. मी हसलो आणि तब्येत विचारली.

त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या कामांत न सुटलेलं कोडं हे एकच, आणि ते कोडं नव्हतंच.

इथे हे सगळं मी मराठीत लिहिलं. बेनना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. हे मला लिहायला घेतानाही माहीत होतं. म्हणून हे छापून आलं तरी माझ्यावरचं ओझं उतरणार नाही. माफी त्या देऊन टाकतील, त्यांना त्यात रस नाही. मी हंसाबेनना एक खरा आकडा देणं लागतो: त्या परीक्षेत पिणारे दोनच होते आणि दोघांनाही बाधलं. आणि दुसऱ्यांदा त्यांनी जे सोसलं, ते पानामुळे सोसावं लागलं नाही, माझ्यामुळे लागलं. हे मला त्यांना गुजरातीत, समोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.